बाई दुसरीत नापास

मूल चुकीचं वाचतंय असं कुणी म्हटलं, की बाई डोळे बारीक करून विचारायच्या, "कुणाच्या कानाला?" समोरचा माणूस गडबडायचा. तेवढ्यात मूल पुढची ओळ वाचून मोकळं व्हायचं.

रामघाटाच्या वरच्या गल्लीत आमची शाळा आहे. हिंदी माध्यमाची, पाच वर्गांची, एका संस्थेची. मी गणित शिकवते आणि मुख्याध्यापिकेचं कामही बघते. बाई दुसरीला होत्या. हिंदी घरातली मुलं त्यांना 'बहनजी' म्हणत, मराठी घरातली 'बाई'. त्यांच्या चार पिढ्या काशीतच गेलेल्या, मी लग्न होऊन सांगलीहून आलेली. त्या मला म्हणायच्या, "तुझी मराठी कशी कडक आहे गं. आमची गंगेत भिजून भिजून मऊ झाली."

त्या प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. तक्ते कधी वेळेवर भरायच्या नाहीत. मी मागायला गेले की "आत्ता झंझट नको" म्हणून हाताने मला वारायच्या, जसं काही मी माशी आहे. पण वाचायला शिकवावं तर त्यांनीच. महिन्यातून एकदा त्या वर्ग घेऊन बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसायच्या. समोरून जाणाऱ्या होड्यांवर रंगवलेली अक्षरं मुलांनी वाचायची, नाव लांब जायच्या आत.

मी एकदा म्हटलं, "म्हणजे तुम्ही पोरांना वेळ लावताच की."

"वेळ नाही गं, नाव लावते. एक गेली तर दुसरी येते."

एका वर्षी संस्थेने नियम केला. दुसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाने आधी न पाहिलेला उतारा वाचायचा. एका मिनिटात ठरलेले शब्द बिनचूक यायला हवेत. नाही आले, तर पुन्हा दुसरी. मला वाटलं, बाई भांडणार. त्यांनी कागद वाचला आणि परत दिला.

"ठीकच आहे. न वाचता वर ढकललेलं पोर पुढे सगळीकडे चाचपडत जातं."

त्या नियमापेक्षा कडक होत्या, हे तुम्हाला सांगायला हवं. संस्थेच्या एका सभासदाचा नातू धडाधड वाचायचा. बाईंनी एक दिवस पुस्तक उलटं करून त्याच्या हातात दिलं. तो तसाच धडाधड वाचत राहिला. बाईंनी लिहून टाकलं, 'पाठांतर उत्तम. वाचन नाही.' सभासद शाळेत येऊन ओरडून गेले, पण नातू दुसरीतच राहिला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. बाहेरून एक तरुण मुलगी आली होती, हातात मोबाइल, त्यात घड्याळ लावलेलं. वर्गात मुक्ता होती, घाटावर पूजा सांगणाऱ्या मराठी गुरुजींची मुलगी. आजारपणात तिचं एक वर्ष गेलं होतं आणि धाकटा भाऊ एकच वर्ग मागे होता. ती दुसरीत राहिली असती तर तो तिच्या शेजारी येऊन बसणार होता. तिने आईला आधीच बजावलं होतं, "तो माझ्या वर्गात आला तर मी शाळेत येणारच नाही." ती मुलगी बोलल्याप्रमाणे करणारी होती.

उतारा होता विज्ञान मेळ्याचा. आता तुम्ही मराठी माणसं हा शब्द मनातल्या मनात वाचा बघू. 'विद्न्यान' वाचलात ना? हिंदीत तो 'विग्यान' असतो. मुक्ताने घरचा उच्चार केला. परीक्षक मुलीने बोटाने चूक नोंदवली. शब्द पाच वेळा आला, पाच वेळा बोट खाली गेलं. मुक्ताला चार शब्द कमी पडले.

मी व्यवहारी बाई आहे. मी बाईंना म्हटलं, "पाच मिनिटांचं काम आहे. तिला 'ग्य' म्हणायला शिकवा, मी फेरपरीक्षेला अर्ज टाकते."

"शिकवीन की. पण आधी हिचं वाचन बरोबर होतं असं लिहून दे. चूक नसताना सुधारायला लावलं तर पोर पुढच्या प्रत्येक अक्षराला घाबरेल."

मग त्या परीक्षक मुलीसमोर जाऊन बसल्या. "बिटिया, घड़ी लगाओ." आणि तोच उतारा त्यांनी वाचला, ठणठणीत आवाजात, पाचही वेळा 'विद्न्यान'. "अब लिखो. फेल."

"माताजी, आपका कैसे लिखूँ?" ती मुलगी रडकुंडीला आली.

"जैसे उसका लिखा."

तिने काही लिहिलं नाही. पण बाईंनी ते लिहिलं गेलं असंच धरलं. एक एप्रिलला नवं वर्ष सुरू झालं, मी दुसरीच्या वर्गावरून गेले तर खुर्ची रिकामी. बाई तिसऱ्या बाकावर, गुडघे हनुवटीला लागलेले, शेजारी मुक्ता. पलीकडे तिचा भाऊ. मुक्ता शाळेत आली होती ती एवढ्याच बोलीवर, की बाई तिच्या बाजूला बसतील.

"बाई, हे काय?"

"नापास झाल्ये. हजेरीत नाव घाल माझं."

मला हसू आलं आणि रागही आला. त्या बाकावरून शिकवायच्या. फळ्यावर काही लिहायचं असेल तेव्हा उठायच्या, लिहून पुन्हा जागेवर. मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. नापास होणारी माणसं त्यांना ठाऊकच होती.

पाचव्या दिवशी संस्थेचे सचिव आले. बंगाली गृहस्थ, धोतर पांढरंशुभ्र, आवाज मऊ. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी वर्गात डोकावून विचारलं, "बहनजी कहाँ हैं?"

"उपस्थित!" बाकावरून उत्तर आलं.

"ये क्या तमाशा है?"

"नियम है, सचिवजी."

ते मला म्हणाले, हिंदी माध्यमाची शाळा आहे, उच्चार हिंदीच हवा, त्यात घरच्या बोलीला सवलत देता येणार नाही. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, मीही तेच म्हटलं होतं. बाईंनी वाद घातला नाही. उताऱ्याचा कागद त्यांच्यापुढे धरला. "आप ही पढ़ दीजिए, बच्चे सुन लेंगे."

सचिवांनी चष्मा लावला. चांगलं वाचत होते, विराम घेत, छान. फक्त पहिल्याच ओळीत म्हणाले, "बिग्गान मेला."

मुक्ता बाईंकडे बघायला लागली. बाई बाकावर आत सरकल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "सरको बच्चो, सचिवजी को जगह दो."

सगळ्यांत आधी सचिव हसले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाले, "आप लिखकर दीजिए. ज़िम्मेदारी आपकी."

जबाबदारी माझी, म्हणजे उद्या सभासदांनी विचारलं तर खुर्चीही माझीच जाणार. सांगलीला परत जायचं नव्हतं आणि दुसरी नोकरी या वयात कुणी देणार नव्हतं. मी ऑफिसमध्ये गेले, मुक्ताच्या नावापुढे लिहिलं, 'उच्चार घरचा. वाचन अचूक. तिसरीत बसवले.' सही केली, शिक्का मारला. वर्गात परत आले आणि सांगितलं, "मुक्ता, दप्तर उचल." ती उठली, बाईंकडे न बघता सरळ तिसरीच्या दाराकडे चालायला लागली. रडला तो तिचा भाऊ.

"बाई, आता तुम्हीही उठा," मी म्हटलं.

"थांब." त्या फळ्याकडे बघत होत्या. "इथून खालच्या दोन ओळी दिसत नाहीत गं. पुढच्या मुलांची डोकी येतात. इतकी वर्षं मी तिथे लिहीत होते. आणि वर म्हणत होते, पोरं उतरवून घेत नाहीत."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली गेला. त्या आणखी आठवडाभर बाकावर बसल्या. का, ते मी विचारलं नाही.

गेल्या माघात बाई गेल्या. सकाळी निरोप आला, दुपारी मणिकर्णिकेवर सगळं आटोपलं. मी दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला आणि दुसरीचा फळा दीड वीत वर चढवून घेतला.

नवीन बाई आल्या आहेत. चुणचुणीत आहेत, तक्ते वेळेवर भरतात. उंचीने जरा कमी. परवा तक्रार घेऊन आल्या, "मॅडम, फळ्याच्या वरच्या ओळीला माझा हात पुरत नाही. जरा खाली घेता येईल का?"

मी त्यांना भांडारातून स्टूल दिलं.