मागच्या वेळसारखंच

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, देवालाही नाही — देवापुढं उभा राहिलो की मी भराभरा दुसरंच काहीतरी मागतो आणि निघतो. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. यात मोठेपणा काही नाही.

मी रामनगरचा. बेळगाव-गोवा रस्त्यावर माझं टायरचं दुकान होतं, आता धाकटा भाऊ परशा चालवतो. बायको सुनंदा नर्स. लग्नानंतर ती आयर्लंडला गेली, रात्रपाळ्या करून करून तिथली नागरिक झाली आणि मला नेलं. तिथं मी एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायचो. काम वाईट नव्हतं. पण रामनगरात ट्रकवाले मला लांबूनच 'अण्णा' म्हणून हाक मारायचे, आणि तिथं मी सुनंदाचा नवरा होतो. कागदावरसुद्धा. नागरिकाचा परदेशी जोडीदार — अर्ज करायचा तो याच नात्यानं.

त्या अर्जाची घाई तिला होती. माझं राहण्याचं कार्ड पुन्हा पुन्हा नवं करून घ्यावं लागे. कागदांची पिशवी भरताना महिनाभर आधी तिची झोप उडायची — यंदा काही अडलं तर? एकदा दोघांचं सारखं झालं की सुटलो, म्हणायची.

नियम असा, की अर्जाच्या आधीचं सबंध वर्ष तिथंच राहायचं. देशाबाहेर गेलात तर मोजकेच दिवस. जास्त झाले की ते वर्ष वाया, मोजणी पहिल्यापासून. सुनंदानं स्वयंपाकघरात एक कॅलेंडर टांगलं होतं, माझ्या बाहेरच्या दिवसांवर फुल्या मारायला. त्या वर्षी मी तीन आठवड्यांसाठी घरी आलो आणि चार महिने राहिलो.

का राहिलो? भाताची लावणी चालू होती. नंदिगड्ड्याच्या वाटेवर आमचं शेत आहे, तिथं चिखलात उतरलो. दुकानावर जाऊन बसलो, येणाऱ्याजाणाऱ्यानं चहा सांगितला. परत जायचं जिवावर आलं. बस्स, एवढंच. कारण याहून मोठं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. पण रात्रपाळी करून आलेल्या बायकोला 'जिवावर आलंय' म्हणून कसं सांगायचं? मग मी म्हणालो — आई आजारी आहे, पाय सुजलेत, धाप लागते.

आईला आधी विचारलं, म्हणजे सांगितलंच. दिवसभर लावणीला वाकून ती पाय धूत होती.

"माझं दुखणं सांगतोस व्हय?" ती म्हणाली. मग पायावर आणखी एक तांब्या ओतला. "बरं, सांग. पण लई दिस नको लेका. पोरगी तिकडं एकली हाय."

सुनंदानं व्हिडिओ लावला. आमच्याकडं सुना सासूला आत्ती म्हणतात. "आत्ती, नडगीवर बोट दाबून धरा," ती म्हणाली. "आता काढा. दाखवा मला." दिवसभर पाण्यात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या पायावर खड्डा पडायचाच, तो पडला. सुनंदाचा चेहरा उतरला. मला म्हणाली, "तुम्ही राहा. वर्षाचं काय, पुन्हा मोजू."

एका शब्दानं कुरकुरली नाही हो! ती भांडली असती तर मी कदाचित परत गेलो असतो. पुढं तर खोट्याला टेकू म्हणून दुसरं खोटं. रक्त तपासलं का? तपासलं, चांगलं आहे. डॉक्टर काय म्हणाले? हळूहळू उतरेल म्हणाले. तेव्हा आई गवताचा भारा डोक्यावर घेऊन दारातून आत येत असायची. चार महिन्यांनी मी कळवलं, सूज आपोआप उतरली, आणि विमानात बसलो.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी हे सांगायला बसलोच नसतो. बायकोला असली थाप कोण मारत नाही? मीही स्वतःला हेच सांगत होतो.

नवं कॅलेंडर आलं. यंदा मी हललो नाही. अर्जाला दीड महिना उरला होता आणि परशाचा फोन आला. "अण्णा, आईला धाप लागतीय. पाय बी सुजल्यात. इथला डॉक्टर बेळगावला न्या म्हणतोय, पण ती ऐकत न्हाई. आधी वैनीला इचार म्हणती."

सुनंदानं मला शेजारी बसवून फोन लावला. परशा औषध आणायला गेला होता. त्याला माझ्या त्या थापेची काहीच कल्पना नव्हती. आईनं पाय दाखवला. बोट दाबलं, खड्डा पडला.

"आत्ती, मागच्या वेळसारखंच आहे का?"

आई फोनमध्ये माझा चेहरा शोधत होती. मी काय करावं? मी खाली मान घातली.

"व्हय पोरी," आई म्हणाली. "मागच्या वेळसारखंच हाय."

आता सांगा, सुनंदानं काय समजायचं? मागच्या वेळी रक्त चांगलं, सूज आपोआप उतरलेली — तिला मिळालेली माहिती ही. तिनं मीठ बंद करायला सांगितलं, पाय उंच ठेवायला सांगितलं, आणि म्हणाली, दोन-तीन दिवस बघा, नाही उतरलं तर बेळगावला न्या. मी शेजारी बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं — तेव्हा आई आजारी नव्हती. नाही बोललो. कॅलेंडरची भीती होती, पुन्हा जाऊन राहावं लागलं तर हेही वर्ष वाया, हे खरं. पण त्याहून जास्त भीती ही, की आता सुनंदा मान वळवून माझ्याकडं कशी बघेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. हृदयाचं होतं. आधी नेलं असतं तर वाचली असती का, असं परशानं डॉक्टरला विचारलं. सांगता येत नाही, ते म्हणाले. त्या उत्तराला मी अजून धरून आहे.

दिवसकार्य करून परत गेलो. तेवढे दिवस नियमात बसत होते. अर्ज गेला, मंजूर झाला. एका मोठ्या सभागृहात उभं राहून मी शपथ घेतली, सुनंदानं इस्त्री केलेला शर्ट घालून. बाहेर आल्यावर ती रडली. आत्ती असत्या तर, म्हणाली.

तिनं वॉर्डातलं काम सोडलं. आता टेबलावर बसून नोंदी करते. आपल्या डोळ्यांसमोर खड्डा पडला आणि आपण 'थांबा' म्हणालो, हे तिच्या मनातून जात नाही. आमचे पाहुणे मला देवमाणूस म्हणतात — आई गेली, पण बायकोला वाकडा शब्द बोलला नाही. मी ते ऐकून घेतो.

आईच्या श्राद्धाला आम्ही रामनगरला आलोय. आज सकाळी तांदूळ निवडता निवडता सुनंदा म्हणाली, "मागच्या वेळचे रिपोर्ट मी तेव्हा मागून बघायला हवे होते. नाही का हो?"

रिपोर्ट नव्हतेच. मी म्हणालो, "जाऊ दे. तुझी काय चूक?" आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला.