भोंगा मामी

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटकी निवडणं. माकणीच्या धरणाजवळ शाळा आहे, तिच्या व्हरांड्यात. एक सूप तिच्यापुढं, एक माझ्यापुढं. दुसऱ्या दिवशी शिबिरातल्या पोरांना उसळ करायची होती. माझ्या सुपात एक खडा राहिला. ती म्हणाली, "अवं, डोळे कुठं ठिवलेत? लेकराच्या दाताखाली आला तर तुमचे दात पाडीन." मी म्हणालो, "दोनच राहिलेत, पाड." ती हसली. दिवेलागणीला तिच्या छातीत कळ आली. जीपमध्ये घातली. लोहाऱ्याला पोचायच्या आत संपली.

पोरं तिला भोंगा मामी म्हणायची. आवाजच तसा होता. शाळेच्या पायरीवरून हाक मारली की धरणाच्या भिंतीवरचं माणूस वळून बघायचं. हळू बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. देवळात गाऱ्हाणं घालायची, तेही साऱ्या गावाला कळायचं. लग्न झाल्यावर मला लई लाज वाटायची. "जरा दमानं बोल की," म्हणायचो. तर ओरडून विचारायची, "का? म्या चोरी केलीय व्हय?"

त्या शाळेचे गुरुजी नोकरीतून रिटायर झाल्यावर दर उन्हाळ्यात शाळेत शिबिर घ्यायला लागले. पोहणं, खो-खो, झाडं ओळखणं असलं सगळं. ती स्वयंपाकाला, मी पाण्याला आणि सरपणाला. आम्हाला लेकरू झालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही काढलं नाही. पण शिबिराच्या आधी आठ दिवस ती घरात ठरत नसे. चूल सारवून ठेवायची, तवे घासायची, मला उगंच शिव्या द्यायची.

पहिल्या दिवशी एखादं पोर घरच्या आठवणीनं रडतंच. बाकीचे समजूत काढायचे. ही त्याच्या हातावर शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवायची. "आदी खा, मग रड. रिकाम्या पोटी रडायला जोर येत न्हाय." पोर खायचं आणि रडायचं विसरायचं. एक ईट गावचं पोर मात्र खाऊन झाल्यावर खरंच पुन्हा रडायला बसलं. ही त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "रड बाबा, तुझा हिशोब पक्का हाय."

मग एका साली पोरं फारच कमी आली. गुरुजींनी आलेल्यांना बसवून सांगितलं, पुढच्या साली शिबिर होणार नाही. नववीतली श्रेया म्हणून धाराशिवची पोरगी होती. ती म्हणाली, "सर, आपण रील करू. लोकांना माहीतच नाही." गुरुजी रोज तासभर फोन द्यायचे. पोरांनी शिबिराचं पेज काढलं. धरणाचं पाणी टाकलं, पोहणं टाकलं, सूर्य मावळताना टाकला. कोण बघतंय?

एक दिवस श्रेयानं जेवणाच्या हाकेचं शूटिंग घेतलं. "ए शेंबड्यांनो, भाकरी गार व्हायलीय! येता का कुत्र्याला टाकू?" एवढंच. ते जिल्हाभर फिरलं. येरमाळ्याच्या यष्टी स्टँडवर एका पोरानं मला ओळखलं, भोंगा मामीचा मालक म्हणून.

श्रेयाला आणखी रील पाहिजे होत्या. दुपारी चारला म्हणायची, "मामी, एकदा हाक मारा ना, उजेड चांगला आहे." ही तयार व्हायची नाही. "भाकरी झाल्याबिगर हाक मारायची न्हाय. लबाड हाक मारली की लेकरू पुन्हा येत न्हाय." मग पोरं फोन घेऊन चुलीपाशी बसून राहायची. पोरांनी विचारलं, मामांना पण घेऊ का? म्हणाली, "नका घेऊ. येणारी पोरं परत जातील."

पुढच्या उन्हाळ्यात शाळा भरून गेली. आईबाप गाडीतून उतरून आधी विचारायचे, भोंगा मामी कुठंय? ही पदरानं तोंड पुसत पुढं व्हायची, आणि कधी नव्हे तो तिचा आवाज बसायचा. त्याच शिबिरात ती गेली.

यंदा शिबिर झालं. गुरुजींनी पितळी घंटा आणली आहे. घंटा वाजते, पोरं येतात, जेवतात. कुणाचं काही अडलं नाही. अडलं माझं. मला तिचा आवाज आठवत नाही. बोलणं आठवतं, शब्द न् शब्द. आवाज आठवायला गेलो की मधे माझाच घोगरा आवाज येतो.

ती गेल्यावर महिना-दीड महिन्यानं मी श्रेयाच्या घरी धाराशिवला गेलो होतो. ते रील परत मिळंल का विचारलं. पोरगी खाली बघत म्हणाली, "मामा, पुसलेलं महिनाभर राहतं, मग कायमचं जातं. आठ दिवस आधी आला असता तर..." गावात दारोदार विचारलं. स्टेटसला ठेवलेलं दिवसात उडतं म्हणे. कुणाजवळ नाही.

पुसायला लावलं मीच. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला अग्नी दिला. चिता पेटली आणि भावकीतल्या एका पोराच्या खिशात फोन वाजला की काय झालं, तिचाच आवाज आला. भाकरी गार व्हायलीय. पुढं जाळ, मागं ती ओरडतेय. एक म्हातारा म्हणाला, "बाईचा जीव त्यात अडकलाय. आवाज असा फिरत ठेवला तर दहाव्याला कावळा शिवायचा न्हाय." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी चौथी शिकलेला माणूस, मला खरं वाटलं. दहाव्याला कावळा पिंडावर लगेच बसला. नसता बसला तरी काय बिघडणार होतं.

अग्नी देऊन झाल्यावर नदीवर अंघोळ केली, कडुलिंबाचा पाला चावला, आणि ओल्या धोतरानं तडक शाळेत गेलो. पोरं व्हरांड्यात बसली होती. गुरुजी उठून जवळ आले. मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. म्हणालो, "तिचं जे जे हाय ते पुसा. समद्यांनी. माझ्यासमोर."

मोठी माणसं ऐकत नाहीत, पोरं ऐकतात. एकेक फोन पुढं आला. पेजवरचं गेलं, फोनमधलं गेलं. श्रेया शेवटी आली. "मामा, चित्र पुसते. आवाज तेवढा ठेवू?"

"आवाजच पूस आदी."

ती पुसायला गेली. कुठंतरी भलतीकडं बोट लागलं आणि सुरू झालं, "ए शेंबड्यांनो..." लांब खेळत असलेली दोन बारकी पोरं जेवायची हाक समजून पळत आली.

"मामा, मला नाही जमत," श्रेया म्हणाली.

मी फोन हातात घेतला. "कुठं दाबायचं?"

तिनं दाखवलं. मी दाबलं.