नवरीच्या मागे बसताना

आमचा स्टुडिओ सिरसाळ्याच्या बाजारपेठेत आहे. आमचा म्हणजे नवऱ्याचा. मी लग्न होऊन आले तेव्हा पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्यांची कॉलर नीट करणं, मागचा पडदा ओढणं एवढंच माझं काम होतं. पुढे लग्नांच्या ऑर्डरी वाढल्या. बायकांच्या खोलीत पुरुषमाणूस कसा पाठवायचा, म्हणून हे मलाही सोबत नेऊ लागले. कॅमेरा यांच्याकडे, फ्लॅश माझ्या हातात आणि मध्ये वायर. हे सरकले की मी सरकायचं.

मग यांनी वायरलेस ट्रिगर आणला. एक डबी कॅमेऱ्यावर बसवायची, दुसरी फ्लॅशखाली. इकडे बटण दाबलं की तिकडे उजेड पडायचा. वायर सुटली म्हणून मला आधी बरं वाटलं होतं. पण आता मला कुठेही बसवता येऊ लागलं. खांबामागे, स्टेजच्या पायरीखाली, आणि जास्त करून नवरीच्या मागे. मागून उजेड आला की केसांना, ओढणीला चकाकी येते आणि लोकांना तेच फोटो आवडतात. त्या फोटोत मी असते, फक्त दिसायचं नसतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही धारूरच्या किल्ल्यावर एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढायला गेलो होतो. मुलाचं घराणं तालुक्याच्या राजकारणातलं, जमीनजुमला मोठा. मुलगी शेतकऱ्याची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिच्यासोबत तिचा चुलतभाऊ आला होता. फोटोत अडचण नको म्हणून तिचा फोन त्याने स्वतःच्या खिशात ठेवला आणि तो खाली गाडीपाशीच थांबला.

उन्हं कलायला लागली तेव्हा यांनी दोघांना तटावर उभं केलं आणि स्वतः लांब गेले. मुलीच्या अंगात भाड्याचा लांबलचक गाऊन होता. त्याच्या घेराआड मी फ्लॅश धरून उकिडवी बसले. पाठीला तटाचा दगड, समोर जाळीचं कापड. मान वर केली तर फोटोत येणार, पाय लांब केला तर तोही येणार.

लांब उभ्या माणसाला ती दोघं लाडाने कुजबुजताहेत असंच वाटलं असेल. मला सगळं ऐकू येत होतं. मुलगी परीक्षेचं बोलत होती. लग्न परीक्षेनंतर धरायचं, असं बोलणी झाली तेव्हा ठरलं होतं. आता अचानक तारीख अलीकडे आणलेली तिला घरच्यांकडून कळली होती. मुलगा आधी नुसता हुंकार देत होता. मग म्हणाला, "आमच्या घरातल्या बाया नोकरीला जात न्हाईत. पेपर देऊन करायचं काय?"

"तुमीच हो म्हनला होता."

"म्हनलो असंल. आता हास, समोर बघायलेत."

तेवढ्यात फ्लॅश उडाला. यांनी लांबून हात वर करून फोटो लई भारी आल्याचं सांगितलं. मुलीचा हात मागे आला आणि तिने गाऊनचं कापड मुठीत आवळलं. ती मूठ माझ्या तोंडासमोर होती. उठून जावं असं वाटत होतं, पण जायला वाट नव्हती, आणि उठले असते तर सगळं ऐकल्याचं त्या मुलालाही कळलं असतं. पुन्हा उजेड पडला. पुन्हा.

मी अंगठ्याने फ्लॅशखालच्या डबीचं बटण बंद केलं.

यांनी दोनचार वेळा दाबून पाहिलं. मग ओरडून विचारलं, तर मी दिवा लागत नाही म्हणाले. सेल गेले असतील म्हणत हे गाडीकडे निघाले. मुलगाही कंटाळला होता, पाणी पिऊन येतो म्हणून तोही यांच्यामागे उतरला. मी गाऊनच्या मागून बाहेर आले. पाय इतके बधिर झाले होते की तटाला धरून उभं राहावं लागलं.

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मी मागे आहे हे ती विसरली होती.

"ताई, तुमी ऐकलं सगळं."

मी मान हलवली आणि माझा फोन पुढे केला. "कुनाला लावायचा हाय?"

तिने मावशीला लावला. नंबर पाठ होता. रडली नाही, परीक्षा कधी आहे, तारीख कशी बदलली, तो काय म्हणाला, एवढंच भराभर सांगितलं. फोन परत देऊन ती पुन्हा तटापाशी जाऊन उभी राहिली. हे नवे सेल घेऊन आले तोवर मी पुन्हा खाली बसले होते आणि बटण चालू केलं होतं.

परत येताना आमच्या गाडीत दोघंच होतो, तेव्हा मी यांना खरं सांगितलं. हे म्हणाले, "कशाला पडलीस त्यात? असल्या घरात गोष्ट फुटली तर तालुक्यात कोन बोलावतंय आपल्याला?"

"मला तिथं बसवलं कुनी?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. फोन नजरेसमोर ठेवून पडून राहिले, मुलाच्या घरून कुणाचा येईल या धास्तीने.

कुणाचाच आला नाही. काही दिवसांनी मुलाकडून निरोप आला की तारीख पुढे गेली आहे, ऑर्डर तशीच ठेवा. मावशी मुलीच्या आईला घेऊन मुलाच्या घरी जाऊन बसली होती, असं नंतर कानावर आलं. लग्न मोडलं नाही. मोडावं असं त्या मुलीला वाटत होतं की नाही, हेही मला ठाऊक नाही. तेवढं विचारण्याइतका वेळ तटावर मिळाला नव्हता.

लग्न उन्हाळ्यात झालं. स्टेजवर नवरानवरीच्या खुर्च्यांमागे, फुलांच्या पडद्याला टेकून, मी फ्लॅश घेऊन बसले होते. घाम पापण्यांवर उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. आहेराची रांग जरा थांबली तेव्हा नवरीने मान न वळवता हळूच म्हटलं, "पेपर दिले, ताई. सगळे."

"आन् नोकरी?"

ती काही बोलायच्या आत तिची सासू कुणा पाहुण्यांना घेऊन वर आली. यांनी समोरून खूण केली. मी फ्लॅश जरा उंच धरला.