मागचा गळा

मे महिना आला की कोल्हापुरात प्रदर्शनांची रांग लागायची. एका हॉलात चांदीचे दागिने, दुसऱ्यात भरतकाम, तिसऱ्यात सोफ्यांची नवी डिझाईनं. लोक सुट्टीत वेळ जावा म्हणून बघायला जायचे. आम्ही मायलेकी मात्र उचगावातून सिटी बसनं जायचो ते सरळसरळ चोरी करायला. आता खरं सांगायला काय जातंय? आई घरी ब्लाउज शिवायची. शहरातल्या एका फॅशन डिझाईनच्या क्लासच्या मुली दर उन्हाळ्यात आपलं काम मांडायच्या, आणि त्यातलं पसंत पडेल ते आई डोळ्यांनी उचलून आणायची.

वहीत उतरवून घ्यायला मनाई होती, तशी पाटीच लावलेली असायची. म्हणून आईनं वाटणी केली होती. बाह्या, कट आणि पुढचा गळा तिनं लक्षात ठेवायचा, मागचा गळा मी. नववीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात हे काम माझ्याकडे आलं. जिला इतिहासातल्या चार सनावळ्या धड आठवत नव्हत्या तिच्यावर हा भरवसा!

त्यात त्या वर्षी कुरुंदवाडच्या एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न आलं. नवरीनं स्वतः ते प्रदर्शन बघितलं होतं, आणि तिथला एक डाळिंबी ब्लाउज तिच्या मनात भरला होता. "काकू, मागनं अगदी तस्साच पायजे," म्हणून शालू आमच्याकडं ठेवून गेली. ब्लाउजचं कापड शालूतूनच निघणार होतं, तेवढं एकच. कात्री चुकली तर तसं दुसरं आणायचं कुठून? मला रात्री झोप लागेना.

आम्ही गेलो तो प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. डाळिंबी ब्लाउज कोपऱ्यातल्या पुतळ्यावर होता. मी मागं जाऊन उभी राहिले आणि मनात घोकायला लागले. मध्ये पान, पानाच्या दोन्ही अंगांना कमानी, खाली गाठ. तेवढ्यात खुर्ची टाकून बसलेली क्लासची बाई माझ्याकडं रोखून बघायला लागली. "काय पायजे गं?" म्हणाली. मी "काय न्हाई" म्हणत पुढच्या पुतळ्यापाशी सटकले. कमानी दोन की तीन? गाठ वर की खाली? परत मागं जायचा धीर झाला नाही. बसमधून उतरेपर्यंत डोक्यात फक्त पान उरलं होतं.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या आईनं वही पुढं केली. मी वहीत तो गळा काढला. न थांबता काढला, कारण हात थांबला असता तर तिला कळलं असतं. पान तेवढं खरं, बाकी सगळं भीतीनं सुचलेलं. आई बराच वेळ बघत बसली.

"असाच हुता?"

"असाच की."

"नक्की?"

"व्हय, नक्की."

दुसऱ्या दिवशी तिनं कापडावर खडूनं खुणा केल्या. मी दारात उभी होते. तेव्हा एक शब्द बोलले असते तरी भागलं असतं. पण प्रदर्शन संपलेलं, पुतळे गेलेले, बोलून तरी काय उपयोग, असं मी माझ्या मनाला सांगितलं. कात्री चालली.

नवरी मापाला यायला बारा दिवस होते. ते कसे काढले माझं मला माहीत. दारात रिक्षा थांबली की मी खिडकीतून डोकावून बघायचे. मशीन चालू झालं की मी उठून पाणी भरायला जायचे. आई म्हणायची, "पानात भात का टाकतीस?" मी म्हणायचे, ऊन लागलंय.

शेवटी ती आली. ब्लाउज अंगात घालून तिनं आरशाकडं पाठ केली, मान वळवली आणि म्हणाली, "काकू, ह्यो तसा न्हाई की."

आईनं टाचण्या बाजूला ठेवल्या. "न्हाईच. तुझी पाठ रुंद हाय. तो गळा खांद्यावरनं उतरला असता, म्हणून बदलला. आता नीट बघ." नवरीनं परत बघितलं. दोनदा वळली. मग हसली, आणि लग्नात तोच ब्लाउज घातला.

ती गेल्यावर मी आईला विचारलं, "तुला कसं कळलं?"

"इतकी वर्षं शिवतीय. मागची बाजू बघितल्याशिवाय येईन व्हय?"

"मग कापलंस कशाला?"

"तू काढलेला वाईट न्हवता."

मला रागच आला. बारा दिवस माझा जीव टांगणीला लागला होता आणि हिला सगळं ठाऊक. "मग मला बोलली का न्हाईस?" मी जवळजवळ ओरडलेच.

आई सुईत दोरा ओवत होती. वर न बघता म्हणाली, "गळ्याचं काय न्हाई गं. तो सावरून घेता येतोय. बारा दिवस माझ्यासमोर बसून जेवलीस. आज खरं बोलशील, उद्या बोलशील, म्हणून मी रोज वाट बघितली."