आमच्या नावांनी पूल वाहिला

एखाद्या संस्थेत दोन पावसाळे काढले की किस्से जमवावे लागत नाहीत. रानातून आल्यावर धोतराला कुसळं चिकटलेली दिसतात, तसे ते दिसतात. आणि काढायला बसलं की बोटाला टोचतात. माझे मित्र हे किस्से ऐकून पोट धरून हसतात. मला अजून हसू येत नाही, संताप येतो! तरी सांगतो.

कलकत्त्याला व्यापाराचं शिक्षण घेऊन मी परतलो तो थेट वर्धा नदीच्या काठी. रोहण्याहून पुढे गाडीवाटेनं गेलं की आमचा घाट. तिथं मोठा डोह, त्यामुळे बाराही महिने नाव चालायची. नावांची सहकारी सोसायटी होती. नावा चालवायचे पिढीजात मासेमार ढिवर, कमिटीत बसायचे जमीनवाले, आणि अध्यक्ष नानाजी, जुने मालगुजार. मालगुजारी गेली, अध्यक्षपण उरलं. मी सेक्रेटरी. वडील म्हणाले, "एवढं शिकून घाटावर बसणार?" मी म्हणालो, "हो! देश तिथंच बसलाय!"

* * *

पहिल्याच बैठकीत मी तावातावानं बोललो. धंद्यानं चहूकडे नजर ठेवली पाहिजे. काय बदलतंय, कोण येतंय, धोका कुठून आहे, हे पाहायला एक माणूस नेमा!

"नेमला आहे ना," नानाजी म्हणाले आणि घाटावरच्या जांभळीकडे बोट केलं. तिच्याखाली आमचा पहारेकरी लक्ष्मण नदीच्या वरच्या अंगाला डोळे लावून बसला होता. "पूर वरून येते, बाबू. धोका काय तो वरूनच येते."

पुढे मला आर्वीच्या बाजारात कळलं की आमच्या घाटाशेजारी पूल होणार आहे आणि त्याची मोजणीसुद्धा होऊन गेली आहे! मी धावत लक्ष्मणाकडे गेलो.

"अरे, सांगितलं का नाहीस?"

"पानी कुठं वाढलं होतं?"

"पण मोजणीवाले दिसले असतील ना तुला?"

"दिसले म्हंजे? त्याइचा झेंडा मीच तं धरून उभा होतो!"

* * *

त्या दिवशी मारोती ढिवर माझ्याकडे आला. घाटावरचा सगळ्यात तरबेज नावाडी. उभ्या वस्तीची चूल या नावांवर पेटायची, हे त्यानं मला सांगायची गरज नव्हती.

"बाबूजी, पूल झाल्यावर आमी का करावं?"

मी म्हणालो, "मारोतीभाऊ, त्यासाठीच मी आलोय." अगदी छाती काढून म्हणालो!

* * *

पुलाचे इंजिनिअर एकदा घाटावर चहाला आले. मी किती प्रश्न मनाशी जुळवून ठेवले होते! तोंड उघडणार, तोच नानाजींनी माझा हात दाबला आणि कानाशी म्हणाले, "दारी आलेल्या मानसाले धंद्याचं इचारत नसते. कलकत्त्यात चालत असन!"

शेवटी इंजिनिअरसाहेबच बिचारे आपणहून म्हणाले, "नानाजी, पुढच्या दिवाळीला पूल खुला होईल."

"हो, हो. चहात साखर बरोबर आहे ना?"

पुढच्या बैठकीत कमिटीतल्या एकानं विचारलं, "इंजिनिअर काय म्हणत होता?"

नानाजी म्हणाले, "साखर बरोबर आहे म्हणे!"

* * *

आमची कमिटी अगदीच झोपलेली होती, असं मात्र नाही हं. खालच्या घाटावर गुलाबराव नावाचा ठेकेदार नावा चालवायचा. त्याच्यावर आमची करडी नजर! त्यानं कोणता दोर आणला, नावेला डांबर कधी फासलं, उतारूंना विडी दिली की नाही, सारं नानाजींना सकाळच्या चहाबरोबर कळायचं.

एक दिवस बातमी आली, गुलाबराव नावा विकतोय!

नानाजींनी मांडीवर थाप मारली. "हारला! मैदान सोडून पयून राह्यला!"

मी म्हणालो, "नानाजी, तो का विकतोय ते तर विचारा."

"हारलेल्या मानसाले इचारून काऊन लाजवावं, बाबू?"

आणि त्या सगळ्या नावा सोसायटीनं विकत घेतल्या. हार घालून, नारळ फोडून!

* * *

त्या साली घाटावर कधी नव्हे एवढी वर्दळ झाली. नदीच्या पल्याड सिमेंट न्यायचं, लोखंड न्यायचं, मजूर न्यायचे, मुकादम न्यायचे. नवी-जुनी एकही नाव रिकामी राहीना. मारोतीसुद्धा खूश. "पुलाचा पयला गोटा माह्याच नावेतून गेलता, बाबूजी!"

वार्षिक सभेत नानाजी उभे राहिले. "रहदारी वाढून राह्यली! सोसायटीचे दिवस पालटले!" टाळ्या पडल्या. मला राहवेना. मी ओरडलोच, "अहो, ही रहदारी पुलाची आहे! पूल उभा राहिला की ही पहिली थांबेल!"

नानाजी शांतपणे म्हणाले, "कोनाची का असेना. बसते तं आपल्याच नावेत ना?"

पुन्हा टाळ्या! मारोतीनंही वाजवल्या.

* * *

एक वाट मला सापडली होती. जवळच्या सरकारी तलावाचा मासेमारीचा ठेका निघणार होता. सोसायटीनं तो घेतला असता तर वस्ती तरली असती. मी कमिटीपुढे अक्षरशः हात जोडले.

"आपली सोसायटी नावांची," एक सभासद नाक मुरडून म्हणाले. "मासोया धराचं काम आपलं नोहे."

ढिवरांच्या सोसायटीत! मासे धरणं आपलं काम नव्हे! बाहेर मारोती उभा होता. तो म्हणाला, "मंग माह्या घरी दोन्ही सांजेले जे शिजते, ते काय नाव शिजते का?"

ठेका गेला. कोणाला? गुलाबरावाला! नावा विकून आलेला पैसा त्यानं तलावात घातला होता.

* * *

आणि मग पुलाचं उद्घाटन. दिवाळी नुकतीच झालेली. मांडव आमच्या काठावर, आणि फीत कापेपर्यंत पूल बंद. त्यामुळे पल्याडची गावंच्या गावं सोहळा पाहायला सकाळपासून आमच्या नावांतून येऊ लागली. पोरंबाळं, म्हाताऱ्या, लेझीमवाले, बॅंडवाले! मारोतीच्या हाताला उसंत नव्हती.

आमच्या घाटाची जुनी रीत अशी, की जातायेताचं भाडं एकदमच, परतताना घ्यायचं. मी नानाजींना गाठलं. "आजच्या दिवस तरी येतानाच घ्या!"

"वाडवडिलापासून परततानाच घेतो आपन. मानूस परतल्याबिगर राहील का? घरदार नाई का त्याले?"

मंत्र्यांनी फीत कापली. भाषणं झाली. आणि ती सगळी गर्दी बॅंड वाजवत, लेझीम खेळत पुलावरून आपापल्या घरी चालू लागली! आमच्या नावा घाटाला ओळीनं लागलेल्या. मारोती वल्हं हातात घेऊन वर पाहत उभा. वरून लोक प्रेमानं हात हलवत होते. "मारोतीभाऊ, रामराम!"

पुलावर, मारोतीच्या नावेच्या अगदी वर येऊन एक म्हातारी थांबली. तिनं पदराची गाठ सोडली आणि खाली हाक मारली, "मारोती, सकायचं भाडं घे रे बाप्पा! मले कोनाचं ठेवाचं नाई!" तिनं टाकलेलं नाणं नावेच्या कडेला आपटून डोहात गेलं.

मारोतीनं वल्हं ठेवलं, पागोटं काढलं आणि बुडी मारली. नाणं घेऊन वर आला, तसा पुलावर टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. लोकांना गंमत वाटली. आणखी चारदोघांनी खिशात हात घातले. पाण्यात पैसे पडू लागले. "मारोतीभाऊ, हे घे! आता इकडे!"

मारोती काठावर आला. म्हातारीचं नाणं सोसायटीच्या पेटीत टाकलं. धोतर पिळलं आणि वर न पाहता वस्तीकडे निघून गेला.

नानाजी मात्र डोळे भरून पुलाकडे बघत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "पाह्य बाबू, घाट बंद पडते म्हनत होता ना तू? उद्यापासून दोन बुडी मारनारे ठेवजो!"