अक्कानं कोर्ट निवडलं

गेल्या सोमवारी आमच्या तालुक्याला, कर्नाटकातल्या आळंदला, एका वकीलबाईंच्या ऑफिसात बसलो होतो... मी, आमचे वडील म्हणजे अप्पा आणि माझी मोठी बहीण. तिला आम्ही अक्का म्हणतो.

अक्काला दिलं सीमेपलीकडं, महाराष्ट्रात. सासरी मारहाण झाली. नवऱ्याला गुलबर्ग्यात नोकरी लागली, तर तिथल्या भाड्याच्या खोलीतही तेच. दिवाळीनंतर त्यानं तिला खजुरीला आमच्या दारात आणून सोडलं, अप्पांना धमकी दिली आणि सहा वर्षांच्या पोरीला घेऊन आपल्या आईकडं निघून गेला.

मग सुरू झाली फिरवाफिरवी. एका पोलीस ठाण्यात म्हणाले, मारलं तिकडं, आमच्या हद्दीत येत नाही. तिकडं गेलो तर म्हणे, बाई राहते कर्नाटकात, आमच्याकडं कशाला?

प्रत्येक ठिकाणी अक्कानं पहिल्यापासून सांगायचं. कधी मारलं, कशानं मारलं... इथं कन्नडमध्ये, तिथं मराठीत. माझं तर डोकंच फिरायचं. मार खाताना बाईनं हद्द बघायची का?

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, हा छळ एकच आहे, ठिकाणं बदलली एवढंच. सगळ्याची मिळून एक केस होईल आणि ती यातल्या कुठल्याही एका कोर्टात चालवता येईल.

अप्पांचा जीव भांड्यात पडला. आळंद म्हणजे घराजवळ, ओळखीपाळखीचं. वकीलबाई लिहायलाही लागल्या.

तेवढ्यात अक्का म्हणाली, "आळंद नको. तिकडंच टाका."

तिकडं म्हणजे सासरच्या तालुक्याला! मी भडकलेच. कामून गं, येडी झालीस का, दर तारखेला ती सगळी माणसं दारात उभी राहतील, असं वकीलबाईंसमोरच बोलले.

अक्का खालीच बघत होती. "पोरीची शाळा कोर्टाच्या रस्त्यावरच हाय. तारखेला तरी नजरंला पडंल."

वकीलबाई म्हणाल्या, मुलीच्या ताब्यासाठी वेगळा अर्ज करू, पण त्याला वेळ लागतो. अक्कानं नुसती मान हलवली. त्यांनी लिहिलेलं आळंद खोडलं.

परत येताना बसमध्ये अप्पांनी शाळा किती वाजता सुटते ते विचारलं. अक्कानं सांगितलं.

इतके महिने अक्काला सगळ्यांनी नाही नाही ते प्रश्न विचारले. पोरीवाचून कशी राहतेस, हे कुणी विचारलं नाही. मी रोज तिच्या शेजारी झोपते, मीसुद्धा नाही.