देवरूखला गेलेली सीडी

२००३ मधल्या एका रविवारी सकाळी मी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. गाडीतून माझं माणूस कोणी येणार नव्हतं, एक सीडी येणार होती. आणि तिच्यावर माझी नोकरी अडकली होती...

झालं असं होतं. मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत, अजून प्रोबेशनवर. रत्नागिरीतल्या एका हॉस्पिटलमध्ये आमचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. चार सर्व्हर एकमेकांना जोडायचे, म्हणजे एक बंद पडला तरी बाकीचे तीन काम सांभाळतील.

साहेब मला एकटीला पाठवायला तयारच नव्हते. मीच म्हटलं, गाव माझं आहे, मी करून दाखवते. बोलायला काय जातं...

सोमवारी सकाळी आठपासून ओपीडीचे केसपेपर कॉम्प्युटरवर निघणार होते. शनिवारी दुपारी चारही सर्व्हर एकाच ठिकाणी अडकले. आमचा इन्स्टॉलर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम, लागणाऱ्या काही फाइली गुपचूप इंटरनेटवरून आणायचा. पुण्यात ऑफिसला सतत नेट, सगळी तालीम तिथे झालेली, त्यामुळे मला याचा पत्ताच नव्हता. इथे सर्व्हर रूममध्ये नेट नाही, आणि बाजारातल्या सायबर कॅफेत एवढं उतरवत बसले असते तर आठवडा गेला असता.

एसटीडी बूथवरून पुण्याला समीरला, म्हणजे माझ्या सहकाऱ्याला, एकेका फाइलचं नाव अक्षर-अक्षर करून सांगितलं. त्याने बिचाऱ्याने सगळ्या शोधल्या, सीडीवर भरल्या आणि संध्याकाळी स्वारगेटला जाऊन पाकीट कंडक्टरच्या हातात दिलं. कोकणात निम्म्या वस्तू अशाच पोचतात... चष्मे, औषधं, लग्नाच्या पत्रिका.

तर रविवारी गाडी आली, आणि कंडक्टरने मान हलवली. पाकीट नाही.

पुन्हा बूथ, पुन्हा समीर. तो म्हणाला, "अगं, देवरूखची गाडी आधी लागली होती, तिच्यात दिलं. देवरूख रत्नागिरीतच ना? आपली मेघना देवरूखची, ती तर स्वतःला रत्नागिरीची म्हणते." आता त्याला काय बोलणार... पुण्याला गेलं की आमचा अख्खा जिल्हाच रत्नागिरीचा होतो! देवरूख इथून चांगलं दीड-दोन तासांवर.

स्टँडवरच्या कंट्रोलरकडे गेले. रडवेल्या आवाजात म्हटलं, हॉस्पिटलचं पार्सल आहे, फार अर्जंट आहे. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला, त्यांनी लगेच देवरूखला फोन लावला. त्यांना काय वाटलं ते मला कळत होतं. मी खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही.

"मिळालंय पाकीट. पुढच्या गाडीने कुणाच्या तरी हाती येईल," ते म्हणाले. गाडीच्या वेळेला परत येते असं सांगून मी हॉस्पिटलला आले. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. साहेबांना फोन कसा करायचा, याची वाक्यं जुळवत बसले होते.

पुन्हा स्टँडवर जायला निघणार, एवढ्यात वॉचमनने हाक मारली. दारात पन्नाशीची एक बाई. नऊवारी नेसलेली, काखेला बोचकं, घामाघूम. स्टँडवर पाकीट ठेवून जायचं सोडून, कंडक्टरने वाचून दाखवलेल्या पत्त्यावर रिक्षा करून थेट हॉस्पिटलला आली होती.

तिने बोचक्यातून पाकीट काढलं. ते ओल्या पंचात गुंडाळलेलं होतं.

"कंडक्टर बोलला, हास्पिटलचा हाय, अर्जंट. म्हटलं औषध आसल, तापाया नको." वाटेत प्रत्येक स्टॉपवर तिने पंचा पुन्हा भिजवला होता म्हणे. पाकिटावरची शाई सगळी पसरली होती, पण आत सीडी प्लॅस्टिकच्या डबीत होती म्हणून कोरडी राहिली. देवाची कृपा, दुसरं काय.

मी थँक्यू म्हणून आत पळाले. पहिला सर्व्हर अडकलेली जागा ओलांडून पुढे सरकला तेव्हा अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्या तिन्हींचंही काम लावलं आणि अर्ध्या तासाने चहाला बाहेर आले.

बाई बाकावर तशीच बसलेली. इथून जवळच भाट्याला लेकीच्या मुलाचं बारसं होतं त्या दिवशी, बोचक्यात बाळाची कुंची आणि अंगडी होती... आणि ही इथे थांबून राहिलेली.

मला बघून उठली. "दिलं काय औषध? पेशंट कसा हाय गो?"

आता मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून सगळं सांगितलं. औषध नाही, पेशंट नाही, कॉम्प्युटरचं सामान आहे, माझ्या कामाचं. वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलली तर ते योग्यच आहे. नातवाचं बारसं चाललंय तिकडे.

तिने हात जोडून कपाळाला लावले.

"म्हंजे कोन आजारी नाय ना? मग बरा झाला, बाय."

आणि बोचकं उचलून निघाली. मी धावत जाऊन रिक्षा करून दिली, तेवढंच माझ्या हातून झालं.

सोमवारी आठ वाजता पहिला केसपेपर निघाला, साहेबांनी फोनवर शाबासकी दिली, नोकरीही पक्की झाली. पण देवरूख ते रत्नागिरी ती बाई एका न बघितलेल्या आजारी माणसाच्या काळजीत पंचा भिजवत बसली होती, आणि त्याच दोन तासांत मी फक्त माझी काळजी करत होते. बाई, तुम्ही जिथे असाल तिथे... तुमच्या घरात कुणी कधी आजारी पडू नये.